उलटा छापलेला फोटो

लोक मला फोटो पाठवतात आणि विचारतात, हे वाफेचं इंजिन कोणतं. फोटोच्या मागे काही लिहिलेलं असेल तर शपथ. असलंच तर 'मामा आणि गाडी' एवढंच. मामा कोण ते आता त्यांच्या घरच्यांनाही ठाऊक नसतं, मग गाडीचं कोण सांगणार. तिथून माझं काम सुरू होतं. चाकं किती, धुराडं आखूड की लांब, बॉयलरवरचा घुमट कुठे, हवेचा पंप कोणत्या बाजूला. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या कारखान्यात ड्रॉइंग काढण्यात गेली, म्हणून निवृत्तीनंतर संग्रहालयाने हे लोढणं माझ्या गळ्यात बांधलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

माणसांकडे मात्र मी बघत नाही. फोटोतली माणसं इंजिनापुढे छाती काढून उभी राहतात, नेमका नंबर झाकतात, आणि वर ऐट अशी की इंजिन यांनीच ओढत आणलंय. संग्रहालय चालवणाऱ्या बाई मला तोंडावर माणूसघाणा म्हणतात. असेन. इंजिन निदान सोंग तरी आणत नाही.

माझे वडील इंजिन ड्रायव्हर होते. मी चार वर्षांचा असताना नदीला पूर आला, पूल खचला आणि त्यांचं इंजिन पाण्यात गेलं. डबे वरच राहिले, माणसं वाचली. भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनचं प्रेत खाली काठाला लागलेलं सापडलं. वडील सापडलेच नाहीत. त्या फायरमनचं पुढेमागे कोणी नव्हतं. तो वडिलांहून थोडा लहान, आमच्याकडेच जेवायचा आणि आईला वहिनी म्हणायचा. पुलापाशी एक दगड आहे, त्यावर दोघांची नावं आहेत, वडिलांचं वर आणि मोठ्या अक्षरात.

त्यानंतरही आई वडिलांशी बोलत राहिली. रोज दिवेलागणीला ती मागच्या दारात खुर्ची टाकते आणि सुरू करते, "अहो, ऐकलंत का." नळाला पाणी आलं नाही इथपासून माझ्या तक्रारींपर्यंत सगळं. थोड्या वेळाने बाहेरच्या पायरीवर बूट घासल्याचा आवाज येतो, चिखल काढताना येतो तसा. मग आवाज थांबतो. मी तो लहानपणापासून ऐकत आलोय. माझ्या बायकोनेही ऐकला होता. ती असेपर्यंत त्या वेळी मागचे कपडे काढायला कधी गेली नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण आवाज काही विश्वास विचारून येत नाही. आई आता नव्वदीला टेकली आहे. माझं बोलणं ओरडल्याशिवाय तिला ऐकू येत नाही, हे बूट मात्र बरोबर ऐकू येतात. त्या गप्पांवरच ती इतकी वर्षं जगली, हे मला नक्की माहीत आहे. म्हणून मी कधी त्या दाराच्या आड आलो नाही.

गेल्या महिन्यात बाईंनी एक खोकं माझ्या टेबलावर आदळलं. दूर परक्या मुलखात खाणीची एक खाजगी लाइन होती, ती बंद पडली, तिथले हे फोटो. एकावरही अक्षर नाही. बाईंना त्यातला एक फार आवडला होता. प्रदर्शनात तो भिंतभर लावायचा, खाली नीट माहिती द्यायची, आणि उद्घाटनाला पुलावरच्या ड्रायव्हरची पत्नी म्हणून माझ्या आईला बोलवायचं, असा त्यांचा बेत होता.

फोटोत एक इंजिन आणि पुढे टोपी हातात घेतलेला एक माणूस होता. नंबर अर्थातच त्याच्या पाठीमागे. इंजिनाची जात मी पाहताक्षणी ओळखली. आम्ही त्यांना बदकं म्हणायचो, चालताना डुलत म्हणून. पण हवेचा पंप उजवीकडे होता. बदकाचा पंप डावीकडेच असतो, मी स्वतः त्याची ड्रॉइंग काढली आहेत. मी दोन दिवस डोकं खाजवलं. मग माझं मलाच हसू आलं. काचेची निगेटिव्ह कोणीतरी उलटी धरून छापली होती, बस्स.

मी फोटो संगणकावर घेतला आणि आरशात दिसावा तसा डावं-उजवं बदलून फिरवला. पंप जागेवर आला. मग धुराड्यापुढचा विजेचा दिवा आणि त्याला वीज देणारा छोटा डायनामो पाहिला. हे दिवे पूल पडल्यानंतर सहा वर्षांनी आले, त्याआधी सगळीकडे तेलाचे. म्हणजे सालही मिळालं. मी खूश होऊन खुर्चीत मागे रेललो, आणि तेव्हा कधी नव्हे ते माणसाकडे लक्ष गेलं.

फोटो उलटा होता तोवर तो कोणीही होता. आता केसांचा भांग डावीकडे आला होता. डाव्या कानाची पाळी अर्धी तुटलेली होती. आमच्या घरी भिंतीवर जो फोटो आहे, त्यात ती तशीच आहे. लहानपणी कुत्र्याने तोडली होती. मी तो चेहरा मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला, पुन्हा उलटा केला. उलटा केला की ते जायचे, सुलटा केला की परत यायचे.

म्हणजे ते बुडाले नव्हते. पाण्यातून बाहेर निघाले होते, आणि घराकडे न येता दुसरीकडे चालू लागले होते. मला दुःख नाही झालं. संताप आला, असा की दात दुखायला लागले. आणि मग आईची ती खुर्ची आठवली. नवरा पळाला हे तिला या वयात कळलं, तर ती संध्याकाळी बोलणार कोणाशी?

बाईंना फोटो नको म्हणावं तर त्या कारण विचारणार, आणि माझा चेहरा म्हणजे उघडं पोस्टकार्ड. म्हणून मी सोपी वाट काढली. माहितीच्या पट्टीवर पूल पडण्याआधीचं साल घातलं. दिव्याबद्दल कोणी विचारलंच, तर चाचणीसाठी बसवला होता म्हणणार होतो. विचारणार कोण? ते साल माहीत असलेला मीच. इंजिनाबद्दल मी पहिल्यांदा खोटं लिहिलं, आणि हात जराही कापला नाही याचं मलाच नवल वाटलं.

प्रदर्शनात एकदम समोर येण्यापेक्षा घरी दाखवलेला बरा, म्हणून मी एक प्रत आईसमोर ठेवली. ती खिडकीपाशी उशांच्या अभ्र्यांच्या घड्या करत होती.

"बाबांचा फोटो सापडला," मी मोठ्याने म्हणालो. "अपघाताच्या आधीचा."

तिने चष्मा पुसला. फोटो उजेडात धरला.

"ह्यांचं पोट सुटलंय," ती म्हणाली.

"कोट जाड असेल."

"गालही वर आलेत." तिने अंगठा त्या चेहऱ्यावरून फिरवला. "माझ्याकडे होते तेव्हा बरगड्या मोजून घ्याव्यात. खाल्लेलं अंगी लागायचंच नाही, सगळं त्या भट्टीपुढे जळून जायचं. इथे कोणीतरी वेळेवर जेवायला घालतंय."

"आई, साल लिहिलंय ना मी खाली."

"साल तू लिहिलंयस. खरं सांग."

ताकाला जाऊन भांडं किती लपवणार. मी सांगितलं: पंपाचं, दिव्याचं, सहा वर्षांचं. तिने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. उरलेल्या अभ्र्यांच्या घड्या केल्या, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि फोटो त्या ढिगाखाली सरकवून दिला.

"पट्टीवर खरं साल लाव," ती म्हणाली. "आणि दगडावर ते दुसरं नाव वर घ्यायला सांग. जो गेला त्याचं."

दिवेलागणी झाली. तिने खुर्ची मागच्या दारात नेली नाही. आम्ही दोघं आतच बसलो. घर इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं. दार रोजच्या सवयीने उघडंच राहिलं होतं, आणि पायरीवर बूट घासल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. जन्मभर आला नव्हता, कारण जन्मभर ते माझे वडील होते.

"आई, मग हे कोण?"

ती दाराकडे पाहत राहिली.

"ह्यांनी कधी बूट घासले नाहीत," ती हळूहळू म्हणाली. "तसेच चिखल घेऊन आत यायचे. रोज त्यावरून भांडण. हा आवाज पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं, मेल्यावर तरी शहाणे झाले." ती थोडी हसली, मग हसू गेलं. "पायरीवर बूट घासल्याशिवाय आत यायचं नाही, असं एकच माणूस करायचा या घरात. पान मांडलेलं असलं तरी बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकायचा नाही."

ती उठली. मी हात द्यायला गेलो, तो तिने बाजूला केला. भिंतीला धरत ती दारापर्यंत गेली. त्या दारात मी तिला कायम 'अहो' म्हणतानाच ऐकलं होतं.

"भावजी," ती म्हणाली, "इतकी वर्षं बाहेरच उभे राहिलात. चुकलं माझं. आत या."