परसदारची खाट

मित्रांनो, मी एक खाट. जुनी आहे, हे मुद्दाम सांगायला नको. कुणी नुसतं टेकलं तरी मी कुरकुरते आणि सगळ्या घराला कळतं. नंदुरबारच्या एका वस्तीत, मिरचीच्या पथारीपासून हाकेच्या अंतरावर, माझं घर आहे. पथारी म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालायचं मोकळं रान. हंगामात आमच्याकडे पाहुणा आला की आधी शिंकतो, मग बोलतो.

शोभाबाईंच्या वडिलांनी लेकीच्या लग्नात आंदण द्यायला मला बनवून घेतलं. बाभळीचं लाकूड, अंबाडीची दोरी. सुतार मोठा तिरसट होता, पण हाताचा पक्का. मला उभी करून त्याने असं काही थोपटलं, की मला वाटलं, आता जगात आपल्यासारखी खाट नाही. मी जराशी गर्विष्ठ आहे, ती तेव्हापासून.

शोभाबाईंचा नवरा लवकर गेला. मग त्या पथारीवर कामाला जाऊ लागल्या. तोंडाला पदर बांधून दिवसभर मिरचीचे देठ खुडायचे आणि संध्याकाळी जळजळते हात घेऊन माझ्यावर येऊन बसायचं. त्याच हातांनी त्यांनी भटूला, आपल्या एकुलत्या एक मुलाला, वाढवलं. दोन खोल्यांचं हे घरही त्यांनीच उभं केलं. मिरचीने त्यांना पोट भरायला दिलं आणि वर खोकलाही दिला. तो काही परत गेला नाही.

आता भटू लोखंडी दरवाजे बनवणाऱ्या दुकानात कामाला आहे. त्याची बायको रुपा, मुलगी ममता. मी आणि शोभाबाई पुढच्या खोलीत, ममताच्या टेबलाशेजारी असायचो. यंदा ममता बारावीला गेली आणि घरात कुजबुज सुरू झाली. रुपा म्हणे, आईंच्या खोकल्याने पोरीला झोप मिळत नाही. भटू म्हणे, आईचं तरी काय चुकलं? दोघंही खरंच बोलत होती. शेवटी भटूने तोडगा काढला, परसदार नीट करू आणि आईला तिकडे मोकळ्या हवेत ठेवू.

खिशात फारसं काही नव्हतं, पण भटूचे हात आईवर गेलेले. कुणाच्या तोडकामाचे विटांचे तुकडे आणून त्याने कोपऱ्यात ओटा बांधला. दुकानातले जुने पत्रे ठोकून वर छप्पर केलं. फुटक्या माठांत तुळस आणि झेंडू लावला, टायरांना रंग दिला, वाऱ्याच्या बाजूला रुपाच्या जुन्या साड्यांचा पडदा टांगला. मलाही रंग मिळाला. सैल दोरी काढून नवी निळी पट्टी विणली. मित्रांनो, मी केवढी फुगले! शोभाबाई बाजूला भिंतीला टेकून गप्प बसल्या होत्या, हे मला दिसत होतं. तरी मी आपल्या निळ्या पट्टीकडेच बघत राहिले. त्याची लाज मला अजून वाटते.

"आई, आठे तुम्हले मोकळी हवा भेटी," रुपा म्हणाली. आमच्या बोलीत 'आठे' म्हणजे इथे.

शोभाबाईंनी मान डोलावली.

भटूने शेवटी एक शहाणपणा केला. वाऱ्याने मी हलू नये आणि दिसायलाही झकास दिसावी म्हणून त्याने माझे चारही पाय ओट्याच्या सिमेंटात बसवले. अरे बाबा, खाटेला वाटेल तिकडे उचलून नेता येतं, म्हणून तर माणसं खाट घेतात! पण मला कोण विचारतो? सिमेंट वाळलं आणि घरात परत जायची वाट बंद झाली. शोभाबाईंना तेवढंच हवं होतं, आपल्या घरात झोपायचं. त्या तसं बोलल्या नाहीत. रोज संध्याकाळी मागच्या दाराकडे तोंड करून पडायच्या, त्यावरून मला कळायचं.

थंडी पडली आणि पथारी मिरचीने भरली. मोकळी हवा आली ती तिखट घेऊनच आली. शोभाबाई पदर तोंडात कोंबून खोकायच्या, आवाज आत जाऊ नये म्हणून. त्यांची पाठ माझ्यावर हादरायची आणि मी कुरकुरायची. आत भटूच्या कानावर ते पडत असणार, कारण सकाळी चहा देताना तो आईकडे न बघता झेंडूकडे बघायचा.

परसदाराचं मात्र गल्लीभर नाव झालं. ममताने मोबाईलवर व्हिडिओ काढला. "आजी, दोन मिनिटं उठ ना, गोधडी मध्ये दिसतेय," ती म्हणाली. शोभाबाई उठल्या, गोधडी काखेत घेऊन पडद्यामागच्या मोरीशी उभ्या राहिल्या. व्हिडिओत मी एकटीच आले, छान दिसले.

तो बघून भटूच्या दुकानाचे मालक बन्सीलालशेठ रविवारी घरी आले. शोभाबाई तेव्हा मोरीत कपडे धूत होत्या. मध्ये फक्त साडीचा पडदा. बन्सीलालशेठ टायरांवरून हात फिरवत, छपराकडे बघत माझ्यापाशी आले.

"भारी करेल शे रे भटू! आठे कोण झोपस?"

भटूचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता सांगेल. तो हसला आणि म्हणाला, "कोनी नही, शेठ. पाव्हना-रावनासाठे करेल शे."

मोरीतला पाण्याचा आवाज थांबला. शेठ चहा पिऊन, वाहवा करून गेले. शोभाबाई ओले हात पुसत पडद्याबाहेर आल्या आणि माझ्यावर बसल्या. भटू जागचा हलला नाही.

"माय, मन्हा तोंडमातून निंघी गयं..."

"तू खोटं काय बोलना?" शोभाबाई अगदी शांतपणे म्हणाल्या. "पाव्हनीच शे मी आते."

भटूने आईची गोधडी उचलली. "माय, चाल घरमा. आत्तेच चाल."

"नको. पोरगीना अभ्यास बिघडी."

दारात ममता उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. "मी कधी म्हटलं आजी नको? मला कुणी विचारलं तरी का?" तिने रुपाकडे पाहिलं, रुपाने भटूकडे पाहिलं आणि भटूला बघायला कुणी उरलं नाही. त्या दिवशी त्या घरात कुणी नीट जेवलं नाही.

सकाळी भटूने पहार आणली, पण सिमेंट त्यानेच घातलेलं, मेलं दगडासारखं झालं होतं. जोर लावला तर माझी लाकडं चिरू लागली. मग त्याने करवत घेतली आणि ओट्याच्या वर माझे पाय कापायला बसला. मला दुखलं, पण मी कुरकुरले नाही. आयुष्यात तेवढ्याच वेळी.

"पाय कापी टाकशी ते मी उठसू कशी? गुडघा ऱ्हायनात का मन्हा?" शोभाबाई म्हणाल्या.

"मी उठाडसू तुले," भटू म्हणाला आणि पुन्हा करवत चालवू लागला.

आता मी पुढच्या खोलीत, माझ्या जागी आहे. बुटकी झाले आहे, दिसते विचित्र. भटू रोज सकाळी आईला हात देऊन उठवतो. त्या हात धरतात, पण त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. शोभाबाई खोकतात, मोकळेपणाने खोकतात. ममता पुस्तकावरून मान वर न करता पाण्याचा तांब्या पुढे सरकवते.

ओट्यावर माझ्या पायांचे चार ठोकळे तसेच आहेत. रुपा त्यांवर झेंडूच्या कुंड्या ठेवणार होती. भटूने ठेवू दिल्या नाहीत. परवा बन्सीलालशेठ पुन्हा आले, ठोकळे बघून म्हणाले, "हाई काय रे? खाट कोठे गई?"

"मन्ही मायनी खाट व्हती, शेठ," भटू त्यांच्याकडे बघून म्हणाला. "माय आठे झोपे. मीच तिले आठे टाकेल व्हती."

मित्रांनो, परसदार जरूर सजवा, टायर रंगवा, झेंडू लावा, त्याला पैसे फार लागत नाहीत. पण तुमच्याही घराच्या मागे एखादी खाट असेल तर आज तिच्यापाशी जाऊन या. आणि कुणी विचारलं, इथं कोण झोपतं, तर तिच्यावर झोपणाऱ्याचं नाव सांगा.