टिंब माझ्याकडे आहे

रविवारची जेवणं आटोपली की बाळकृष्णांच्या व्हरांड्यात लढाई सुरू व्हायची. सत्तावीस वर्षं त्यांनी कारखान्यातल्या शिकाऊ मुलांना कानस धरायला शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर ते आणि मालतीबाई पिपलानीच्या कामगार वसाहतीत मुलाच्या क्वार्टरमध्ये राहायला आले आणि शिकवायला नात मिळाली, बारा वर्षांची कांचन.

लढाईचं पुस्तक तिच्या जयंतमामानं अमेरिकेहून आणलं होतं. खेळच होता तो, पण त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकानं कागदावर आपला एक वीर घडवायचा: नाव, बळ, चपळाई, किती घाव सोसू शकतो ते. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापला वीर त्या गोष्टीत चालवायचा. संकट आलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि जे येईल ते मानायचं. बाळकृष्णांनी पेन्सिल घेऊन पुस्तक दोनदा वाचलं आणि गोष्ट सांगायचं काम स्वतःकडे घेतलं.

"आता या वयात राक्षस पाळा," मालतीबाई म्हणाल्या.

"पाळतो. खायला मागत नाहीत."

फासा मात्र पहिल्याच महिन्यात शेजारच्या रमेश तिवारीच्या हातून उडाला आणि नालीत गेला. मग बाळकृष्णांनी जवाहर चौकातून पितळी पट्टी आणली, वीस गोल बिल्ले कापले, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि नंबरपंचानं, म्हणजे आकडे उठवायच्या पोलादी ठशांनी, त्यांवर एक ते वीस आकडे ठोकले. या पंचांच्या पेटीत सहा आणि नऊ यांना मिळून एकच पंच असतो. इंग्रजी सहा उलटा धरला की झाला नऊ. म्हणून त्या दोन्ही बिल्ल्यांवर त्यांनी आकड्याच्या पायाशी एक टिंब ठोकलं. "टिंब आपल्याकडे घ्यायचं, मगच आकडा वाचायचा," शिकाऊ मुलांना सांगायचे तसंच त्यांनी या पोरांनाही बजावलं. फाशाऐवजी आता पिशवीत हात घालून बिल्ला काढायचा.

कांचनची लीलावती दीड वर्ष जगली होती. ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे चालणारी. तिचा कागद खोडरबरानं विरविरीत झाला होता. तिच्या वर्गातल्या विलासचा तिरंदाज आणि रमेशचा जादूगार आजवर तिच्याच आडोशानं शाबूत राहिले होते.

त्या रविवारी दरीवर झुलता पूल होता आणि पाठलागावर दगडी राक्षस. विलासचा तिरंदाज जखमी, जादूगारानं त्याला खांद्यावर घेतलेलं.

"लीलावती पुलाच्या तोंडाशी थांबते," कांचन म्हणाली. "तुम्ही दोघं जा."

"अगं, पळ ना तू पण!" विलास ओरडला.

"तुझ्या तिरंदाजाला चालता येत नाही. मी पळाले तर राक्षस तुम्हाला पुलावरच गाठेल."

ते दोघं पलीकडे पोचले, आणि राक्षसाचा हात खाली आला. लीलावतीचे सोसायचे घाव संपले. आता एकच बिल्ला. आठ किंवा वर आला तर ती जगणार, सात किंवा खाली आला तर संपली. मेलेला परत येत नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं, आणि सगळ्यात मोठ्यानं "हो" कांचनच म्हणाली होती.

तिनं पिशवीत हात घातला. बराच वेळ आत ठेवला. मग बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला.

बाळकृष्ण तिच्या समोर बसले होते. "नऊ!" ते ओरडले. "वाचली! वाचली पोर!"

विलासनं टेबलावर थाप मारली. रमेश खुर्चीवर चढला. कांचन तेवढी हलली नाही.

"आजोबा, तुम्ही पलीकडून बघताय," ती म्हणाली. "टिंब माझ्याकडे आहे. सहा आहे."

बाळकृष्णांनी चष्मा लावला. टिंब तिच्या बाजूला होतं. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलेली गोष्ट आज ते स्वतः विसरले होते.

"अरे यार, दादाजी ने बोल दिया ना!" रमेश म्हणाला. "नौ मतलब नौ!"

"आजोबा, तुम्ही गोष्ट सांगता. तुम्ही म्हणाल ते चालतं," विलास अजिजीनं म्हणाला. "पुस्तकातच लिहिलंय."

लिहिलं होतंच. एक शब्द बोलायचा अवकाश, लीलावती उठून उभी राहिली असती. बाळकृष्णांच्या तोंडापर्यंत तो शब्द आलाही. त्यांनी नातीकडे पाहिलं. तिनं बिल्ला उचलून त्यांच्यापुढे धरला होता, टिंब खाली, नीट वाचता येईल असा.

त्यांना एकदम कारखान्यातली त्यांची शॉप आठवली. तिथे जॉब, म्हणजे घडवायला दिलेला नग, बिघडला की पोरानं त्यावर स्वतःचा हजेरीचा नंबर स्वतःच ठोकून आणून द्यावा, असा त्यांचा नियम होता. बहुतेक पोरं गुपचूप भंगारात टाकायची.

"सहाच," ते म्हणाले. "कशी गेली ती? आता तू सांग, मी ऐकतो."

कांचननं डोळे पुसले. "ढाल फुटली. मग तिनं तलवारीनं पुलाचे दोर तोडले. पूल पडला. राक्षसाला पलीकडे जाता येणार नाही." ती थांबली. "ती अलीकडेच राहिली. पाठ नाही दाखवली."

बाळकृष्ण उठून उभे राहिले. ते उभे राहिले म्हणून विलास उठला, आणि रमेश खुर्चीवरून उतरून सरळ उभा राहिला. कुणी काही ठरवलं नव्हतं.

"अब मेरे को कौन बचाएगा?" थोड्या वेळानं रमेशनं विचारलं.

"पुढच्या रविवारी नव्या कागदावर वैद्यीण आणते," कांचन नाक ओढत म्हणाली. "पण तू जरा स्वतः पण लढ."

पोरं गेल्यावर बाळकृष्णांनी शोकेस उघडली. कारखान्यानं निवृत्तीला दिलेलं घड्याळ बाजूला सरकवलं आणि तिथे लीलावतीचा कागद उभा केला. चहा घेऊन आलेल्या मालतीबाई बघत राहिल्या.

"इतक्या वर्षांत बिघडलेला जॉब स्वतः आणून देणारे पाच निघाले," ते म्हणाले. "दत्तात्रय, नरहर, सगळ्यांची नावं अजून पाठ आहेत मला."

"आणि ही?"

"सहावी," बाळकृष्ण म्हणाले. "टिंब बघून सांगतोय."