नवंकोरं सामान

तपासणीला साहेब येणार म्हटल्यावर विज्ञानाच्या बाई सकाळपासून कंबर कसून प्रयोगशाळा घासत होत्या. सरकारी अनुदानातून आलेलं सामान मुलांनी वर्षभर मनसोक्त हाताळलं होतं. मोडतोड दिसली तर अनुदान बंद होईल, या धास्तीने बाईंनी जळालेले बल्ब, तुटक्या वायरी कचऱ्याच्या गाडीत टाकल्या आणि पदरमोड करून नवं आणून ठेवलं.

साहेबांनी कपाट उघडलं. "सगळं नवंकोरं! म्हणजे मुलांनी हातच लावला नाही. मग पुढच्या वर्षी द्यायचं कशाला?"

बाई घाईने पुढे झाल्या. "अहो, रोज वापरतात हो! मुलांना विचारा!"

"मुलं काय, पढवाल तसं बोलतील. पुरावा दाखवा."

पुरावा तर सकाळीच गाडीतून गेला होता. कावऱ्याबावऱ्या झालेल्या बाईंनी पहिल्या बाकावरच्या मुलीचा हात ओढून पुढे धरला. बोटावर जुना डाग होता.

"हे बघा! रेडिओ जोडताना चटका बसलाय. रेडिओ वाजला तेव्हा नाचली होती ही पोरगी, साहेब!"

साहेबांनी बोट नीट निरखलं, पेनाचं टोपण काढलं आणि अहवालात लिहिलं: 'विद्यार्थिनीस इजा. प्रयोग तत्काळ बंद करावेत.'