बावीस एकर आणि बिस्किटांचा डबा

मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या एका कोर्टात हेस्टर गॅड्सडेनने बिस्किटांचा पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला. बावीस एकर जमीन लिलावात जाणार की घरात राहणार, ते त्या दिवशी ठरायचे होते.

जमीन तिच्या पणजोबांची, क्युजोची. गुलामी संपल्यावर नऊ वर्षांनी, दुसऱ्याच्या भातात राबून, त्यांनी ती विकत घेतली. मृत्युपत्र मात्र केले नाही. त्या काळी काळा माणूस कागद घेऊन कोर्टात गेला की जमीन गमावून परतायचा. पुढच्या पिढ्यांनीही तीच धास्ती जपली. जमीन सगळ्यांची राहिली, म्हणजे एकाच्याही नावावर चढली नाही, आणि बँक दारात उभे करीना. रस्त्यापलीकडच्या गोऱ्या शेजाऱ्याने तेवढ्याच जमिनीवर कर्ज काढून दोन मुलगे डॉक्टर केले. हेस्टरच्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्याच्या होडीवर कोळंबीची जाळी ओढली.

गेल्या वर्षी डेट्रॉइटच्या रॉस्कोने, हेस्टरच्या चुलतभावाने, न पाहिलेल्या जमिनीतला आपला हिस्सा एका हॉटेल कंपनीला विकला. तेवढ्या हिश्शावर कंपनीने कोर्टाकडे सगळ्या जमिनीची विक्री मागितली. कंपनीचा हिस्सा विकत घेण्याचा पहिला हक्क कायद्याने नातेवाइकांना होता, पण नाते सिद्ध करायला हवे होते.

हेस्टरने डबा उघडला. आत अंत्यविधीची सत्तावन्न पत्रके होती. त्यांच्या चर्चमध्ये प्रत्येक मयताला असे पत्रक छापतात: वर फोटो, खाली मागे राहिलेल्यांची नावे, कोण कुठल्या गावी. हेस्टरने एकही टाकले नव्हते.

कंपनीचा वकील हसला. "बाई, ही चर्चची पत्रकं आहेत."

"हो साहेब. आमचे जन्म सरकारनं लिहून ठेवले नाहीत. मरणं आम्ही लिहून ठेवली."

न्यायाधीशबाईंनी एकेक पत्रक वाचले. मोझेसकाकांच्या पत्रकावर त्या थांबल्या. तिथे विधवा दोन होत्या.

"दोघीही पहिल्या बाकावर येऊन बसल्या," हेस्टर म्हणाली. "उठवायचं कोणी? पण मुलं पहिलीचीच."

मागच्या बाकांवर खसखस पिकली.

बारा चाळीसला निकाल आला. अडतीस वारस मान्य. लिलाव नाही. कंपनीच्या हिश्शाची ठरलेली किंमत कुटुंबाने साठ दिवसांत भरायची. एक्क्याण्णव वर्षांच्या ओलामावशीने काठी फरशीवर आपटली आणि चर्चमधले गाणे सुरू केले. अख्ख्या बाकांनी ते उचलले.

बाहेर पायऱ्यांवर रॉस्को टोपी हातात घेऊन उभा होता.

"हेस्टरताई, मला वाटलं तिथं नुसती दलदल आहे."

"दलदलच आहे. पण आपली आहे. चल, टोमॅटोतला लाल भात केलाय. जेवून चेकबुक काढ."

त्याने काढले. कंपनीकडून मिळालेल्यातले निम्मे शिल्लक होते, तेवढे दिले.

तेविसाव्या दिवशी रक्कम पुरी झाली. त्याच आठवड्यात हेस्टरने मृत्युपत्र केले. क्युजोच्या घराण्यातले ते पहिलेच. त्याची नोंदही तिने त्याच कोर्टात केली.

शुक्रवारी कंपनीने निकालाविरुद्ध अपील दाखल केले. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही.