पाळणाघराची फरशी

ड्रिलचं टोक फरशी भेदून खाली गेलं तशी तिने मोटार बंद केली. भोकात बारीक नळी सोडली, कडेने ओली माती लिंपली आणि नळीचं दुसरं टोक हातातल्या मापकाला जोडलं. पडद्यावरचा आकडा चढू लागला. कुठेतरी थांबेल म्हणून ती बघत राहिली. थांबेना.

कारखाना विकायला काढला होता. घेणाऱ्यांनी जमिनीखाली काय मुरलंय ते तपासायला तिला पाठवलं होतं. सकाळपासून तिने आवारात ठिकठिकाणी मातीतल्या हवेतली रसायनांची वाफ मोजली होती. भट्टीजवळ काही नव्हतं, भंगाराच्या ढिगामागे थोडंसं होतं, आणि या बैठ्या इमारतीकडे सरकू लागली तसा आकडा वाढतच गेला होता. आता ती इमारतीच्या व्हरांड्यात गुडघे टेकून बसली होती. समोरच्या बंद दारावर कोणीतरी हौसेने हत्ती आणि ससा रंगवला होता.

“इथे पूर्वी काय होतं?” तिने विचारलं.

व्यवस्थापक तिच्या मागेच उभा होता. सकाळपासून त्याने तिची पाठ सोडली नव्हती.

“धुलाई विभाग. तेलकट सुटे भाग द्रावणात बुडवून साफ करायचे. माझ्या आधीची गोष्ट. मग हौद बुजवला, वर फरशी घातली. बायकांना पाळणाघर हवं होतं.”

“बुजवला म्हणजे, आतलं द्रावण आधी काढून?”

त्याने खांदे उडवले. मग तिचा चेहरा बघून तो गंभीर झाला.

दार मावशीने उघडलं. मुलं सांभाळणाऱ्या या बाईला सगळा कारखाना मावशीच म्हणत असे. तिने ओठांवर बोट ठेवलं.

“हळू. आत्ताच झोपलीत सगळी.”

खोली बंद होती. यंत्रांचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या होत्या. जमिनीवर पातळ गाद्यांवर मुलं ओळीने निजली होती. मावशी कौतुकाने कुजबुजली, “हा साहेब. उठला की सगळ्यांवर हुकूम सोडतो. ही चिमणी. आणि हा भोंगा. रडायला लागला की लोकांना वाटतं शिफ्ट सुटली. पण दुपारी बघा कसा गपगार! घरी यांना झोपवता झोपवता आयांच्या नाकी नऊ येतात म्हणे. इथे नुसतं आडवं केलं की झोप.”

खाली वाकून तिने दोन लाद्यांमधल्या केसाएवढ्या फटीवर मापक धरलं. आकडा झपाट्याने वर गेला. फट भोंग्याच्या उशीपाशीच होती.

“मावशी, गोडसर वास येतोय ना?”

“नाही बाई. मला इथे कधीच कसला वास येत नाही.”

व्यवस्थापकाने तिला दाराशी ओढलं. “फरशी पुसायच्या औषधानेही हे यंत्र फसतं. सकाळी तुम्हीच म्हणालात.”

“हो.”

“मग प्रयोगशाळेचा अहवाल येऊ द्या. उगाच बोभाटा झाला तर सौदा मोडेल, आणि चूक निघाली तर तुम्हाला पुन्हा कोण काम देईल?”

कोणी देणार नाही, हे तिला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. तिने मापक खिशात कोंबलं.

“खिडक्या उघडा,” ती म्हणाली आणि जवळचं मूल उचललं.

मावशी आधी भांडली, मग तिचा चेहरा बघून मुकाट्याने मुलं उचलू लागली. अंगणात आणल्यावर साहेबाने डोळे चोळले. चिमणी कुरकुरली. तिने आणलेला भोंगा मात्र उठेना. त्याची मान तिच्या हातावरून लोंबकळली. तिने त्याचे गाल थोपटले, तळपाय चोळले.

व्यवस्थापकाने मूल तिच्याकडून जवळजवळ हिसकावून घेतलं. “अरे बाबा,” तो त्याच्या पाठीवर थापा मारत राहिला, “अरे बाबा, ऊठ रे. ऊठ ना रे.”

भोंग्याचे ओठ हलले. मग तोंड उघडलं आणि त्याने असा टाहो फोडला की पलीकडच्या कामघरातून बायका धावत आल्या. व्यवस्थापक त्याला छातीशी धरून मटकन पायरीवर बसला.

आयांना त्यानेच सांगितलं. अडखळत, पण सगळं सांगितलं. पाळणाघर आत्तापासून बंद. बोलावून आणलेल्या डॉक्टरने मुलांचे श्वास ऐकले, रक्त तपासावं लागेल म्हणाला. “माझी पोर रोज इथे असते हो,” चिमणीची आई म्हणाली.

मुलं गेल्यावर ती ड्रिल घ्यायला व्हरांड्यात आली. मावशी दारापाशी उभी होती.

“आता तुम्हीही घरी जा, मावशी.”

“घर हेच की. रात्रीची राखणही माझीच.” मावशीने उघड्या दारातून आतल्या पडद्याकडे बोट केलं. “तिथे माझी गादी. आधीच्या व्यवस्थापक साहेबांनीच सांगितलं, राहा इथेच. ती चिमणीची आई, तीसुद्धा इथेच वाढली. माझ्या मांडीवर.”

ती ड्रिलची वायर गुंडाळत होती. तिचे हात थांबले. मघापासून प्रत्येक मुलाची झोप, भूक, उलटी, सगळं विचारून झालं होतं.

“मावशी, तुमचं डोकं दुखतं का कधी?”

“कधी दुखत नाही ते विचारा!” मावशी हसली. हसता हसता मध्येच थांबली. तिने आधी त्या थांबलेल्या हातांकडे पाहिलं, मग फरशीकडे.



“आत माझी पिशवी राहिलीय,” मावशी म्हणाली. पाऊल मात्र उंबऱ्याबाहेरच राहिलं. “तेवढी आणू ना? एवढ्याने काही होणार नाही ना?”

“थांबा. मी आणते. कुठे आहे?”

“पडद्यामागे. खुंटीला.”

तिने ड्रिल खाली ठेवलं. छातीत मावेल तेवढी हवा भरून घेतली, तोंड मिटलं आणि आत गेली. बाहेर मावशीनेही श्वास रोखून धरला.