अडीच इंच

दाजींना गाडीत बसवायला दोन माणसं लागायची, आणि म्हातारी आई थकलेली असल्याने घरात धडधाकट माणूस एकच होतं, ते म्हणजे त्यांची बायको, ताई.

गाडी उंच होती. जुन्या पद्धतीची दणकट एसयूव्ही, खाली लोखंडी चासी आणि तिच्यावर वेगळी बसवलेली बॉडी. दाजींनी उभं आयुष्य मालट्रक चालवण्यात काढलं होतं, निवृत्त झाल्यावर त्यांनी ती हौसेने घेतली. वर्ष होतं न होतं तोच त्यांच्या पायांतलं बळ जायला लागलं. डॉक्टरांनी स्नायूंच्या आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. "पाठ कशाला करायचं?" दाजी म्हणाले. "राहायलाच आलाय, होईल ओळख हळूहळू." दुसऱ्या वर्षी घरात चाकांची खुर्ची आली.

गाडी विका, लहान घ्या, असं जो तो सांगायचा. दाजी हटून बसले होते. "लहान गाडीत रस्ता दिसतच नाही, नुसती दुसऱ्यांच्या गाड्यांची ढुंगणं दिसतात." गाडी आता ताई चालवायची आणि ते शेजारी बसून चुका काढायचे. तेवढाच त्यांचा विरंगुळा उरला होता.

ताईच्या धाकट्या भावाचं गॅरेज होतं. तीस वर्षं गाड्यांखाली काढलेला माणूस, सगळे त्याला मिस्त्री म्हणत. फक्त ताई अजून 'छोट्या' म्हणायची. तो पन्नाशीचा, सहा फूट उंच, ती त्याच्या खांद्याला लागणारी. एका सकाळी ती गाडी घेऊन गॅरेजात आली आणि म्हणाली, "छोट्या, ही खाली कर."

"खाली म्हणजे?"

"खुर्ची आणि सीट यांच्यात एवढं अंतर राहतं." तिने बोटं पसरून दाखवलं. "ओढणं, सरकवणं सगळं जमतं मला. हे एवढं उचलणंच होत नाही. काल दोघंही पडलो. हे माझ्या अंगावर. शेजारच्यांनी येऊन काढलं." तिने कमरेवर हात ठेवला. पट्टा बांधलेला त्याला कपड्यांवरूनही कळला.

मिस्त्रीने गाडीभोवती एक फेरी मारली. स्प्रिंग कापून गाडी खाली आणणं सोपं होतं, पण मग चासी प्रत्येक गतिरोधकाला घासणार आणि खड्ड्याखड्ड्याला दाजींची हाडं खिळखिळी होणार. दुसरा मार्ग कटकटीचा होता. चासी आणि बॉडी यांच्यामध्ये दहा ठिकाणी रबरी माउंटिंग, म्हणजे जाड रबराच्या चकत्या असतात, त्यांच्यावर सगळी बॉडी बसलेली असते. ती माउंटिंग काढायची, चासीवरच्या त्यांच्या बैठका कापून बुटक्या करायच्या, पुन्हा वेल्ड मारायचं आणि पातळ रबर घालायचं. चाकं, स्प्रिंग, चासी जागच्या जागी राहतात, फक्त बॉडी खाली उतरते.

"अडीच इंच मिळतील," तो म्हणाला. "त्याहून जास्त मागू नकोस."

"अडीच पुष्कळ झाले."

त्याने ते काम स्वतः केलं, कोणाला हात लावू दिला नाही. चार दिवस लागले. बॉडी जॅकवर उचलून धरली, एकेक बैठक कापली, मापून पुन्हा मापून जोडली. बॉडी खाली आली की बाकीच्या गोष्टी आपोआप खाली येत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. पंख्याचं कव्हर पंख्याला लागत होतं, ते त्याने वर घेतलं. स्टिअरिंगच्या दांड्याचा कोन बदलला होता, तो जुळवला. डिझेलच्या टाकीची नळी कापून बसवली. चासीवरून मागे जाणारा ब्रेकचा पाइप जिथे जिथे बॉडीच्या तळाजवळ आला, तिथे क्लिपा सोडवून बाजूला घेतला. एका ठिकाणी, मागच्या सीटखाली, पाइप चासीच्या आडव्या पट्टीवरून उडी मारून जात होता. तिथे त्याला हलवायला जागा नव्हती, नवा पाइप वाकवून घालावा लागला असता. त्याने पाइप आणि बॉडीचा तळ यांच्यामध्ये बोट घालून पाहिलं. करंगळी सहज जात होती. चालेल, तो स्वतःशी म्हणाला. संध्याकाळी गाडी द्यायची होती.

"नवं रबर महिनाभर दबतं," गाडी देताना त्याने ताईला बजावलं. "महिन्याने आण. सगळं पुन्हा बघतो."

त्या संध्याकाळी ताईने दाजींना एकटीने सीटवर सरकवलं. तोंडावर हात ठेवून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. दाजींनी खिडकीतून मान बाहेर काढली. "काय मेहुणे, मला खाली आणलंतच शेवटी."

पाच आठवडे बरे गेले. मधे बॅटरीवर चालणारी खुर्ची आली. भलतीच जड, ती मागच्या सीटा दुमडून, फळी लावून ढकलत चढवावी लागायची. महिना झाल्यावर ताईने भावाला फोन केला. गॅरेजात सहा गाड्या उभ्या होत्या. "पुढच्या आठवड्यात आण गं," तो म्हणाला. "काही आवाज येतोय का?"

"नाही, आवाज काही नाही."

"मग झालं तर."

फोन झाला त्याच आठवड्यात शनिवारी, व्यायामाच्या दवाखान्यातून परत येताना, लांब उताराच्या तळाशी त्यांची गाडी उभ्या मालट्रकच्या मागच्या कोपऱ्यावर आदळली. डावी बाजू चेपली. दाजी जागीच गेले. ताईचं मनगट मोडलं आणि कपाळाला टाके पडले.

ताईचं म्हणणं एकच होतं: ब्रेक दाबला, पण पाय नुसता खाली गेला. गाडीचं पुढचं तोंड चेंदामेंदा झालेलं, त्यामुळे तपासणाऱ्या अधिकाऱ्याने लिहिलं की ब्रेकची चाचणी घेता आली नाही. मग लोकांना तोंड फुटलं. थोरले दीर भेटायला येणाऱ्यांना अंगणात गाठून सांगायचे, "दोन वर्षं करत होती, मान्य आहे. पण माणूस कंटाळतो. नेमकी ह्याचीच बाजू कशी आदळली?" सासूबाई तसं काही बोलल्या नाहीत. त्यांनी सुनेशी बोलणंच सोडलं. एका घरात दोघी बायका, आणि भांडी तेवढी वाजायची.

आठव्या दिवशी मिस्त्री बहिणीपाशी बसला होता. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "हे ओरडले होते. 'पुन्हा दाब, पुन्हा दाब, दाबत राहा.' मी एकदाच दाबून धरला. मला कळलंच नाही, पुन्हा काय दाबायचं."

ब्रेकचं ऑइल गळायला लागलं की पॅडल भराभर दाबायचं असतं, उरलेला दाब धरायला. आयुष्यभर गाडी चालवलेल्या माणसाने बसल्या जागी ते ओळखलं होतं. आणि नेमकं कुठे गळत असणार, ते मिस्त्रीनेही ओळखलं.

दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या आवारात तो गाडीखाली आडवा झाला. मागच्या सीटखाली, आडव्या पट्टीपाशी, बॉडीच्या तळाच्या पत्र्याची शिवण पाइपावर टेकलेली होती. रबर दबलं होतं, जड खुर्चीने आणखी दाबलं होतं, आणि त्या शिवणीने रोज थोडा थोडा पाइप कानशीने घासावा तसा घासून काढला होता. नखाएवढी चीर. भोवती ओलसर काळा डाग.

तो तिथे बराच वेळ पडून राहिला. वर कोणी नव्हतं. अधिकाऱ्याचा कागद होऊन गेला होता. उद्या-परवा गाडी भंगारात जाणार होती. अंगठ्याने जोर दिला असता तर जुना पाइप तिथेच तुटला असता, आणि अपघातात तुटला नाही असं कोण म्हणणार होतं? त्याने अंगठा लावलासुद्धा. पाइप गार होता. मग त्याला अंगणातले थोरले दीर आठवले आणि त्याने हात काढून घेतला.

तो तसाच, कपड्यांना ग्रीस लागलेलं, ताईच्या घरी गेला. सासूबाई बाहेरच्या खोलीत होत्या. "तुम्हीही ऐका," तो त्यांना म्हणाला, आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. करंगळीचंही सांगितलं. फोनचंही.

ताईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे मी दाबला होता?"

"दाबला होतास."

"मला रोज स्वप्न पडतं, मी ब्रेकवर पाय नेलाच नाही म्हणून. पोलिसांना सांगितलं ते खोटंच, असं वाटायला लागलं होतं." ती रडली नाही. मोडका हात छातीशी धरून उठली. "मी फोन केला होता छोट्या तुला."

"हो."

"जा आता. तुझं तोंड नको मला."

सासूबाई सुनेकडे बघत होत्या. "इतके दिवस मी हिला..." एवढंच त्या म्हणाल्या. मिस्त्री दाराबाहेर पडला तेव्हा त्या भिंतीला धरत धरत ताईच्या दिशेने निघाल्या होत्या.

त्याने तिथून सरळ पोलिसांत जाऊन जबाब दिला. गाडी पुन्हा तपासली गेली, पाइप सीलबंद झाला. परवानगीशिवाय गाडीच्या बांधणीत बदल आणि निष्काळजीपणाने मृत्यू, असा गुन्हा लागला. गॅरेज बंद झालं. नेहमीची गिऱ्हाइकं रस्ता बदलून जायला लागली. खटला वर्षभर चालला. त्या वर्षात ताई एकदाही आली नाही आणि तिचा फोनही नाही.

साक्षीच्या दिवशी ती सासूबाईंना घेऊन आली. वकिलांनी विचारलं त्याची तिने नीट उत्तरं दिली, भावाला झाकलं नाही. महिन्याने बघतो म्हणाला होता, मी फोन केला, त्याने पुढे ढकललं, सगळं सांगितलं. साक्षीच्या पिंजऱ्यातून खाली उतरताना थांबली आणि न विचारता म्हणाली, "गाडी खाली करायला मीच सांगितलं होतं, साहेब. माझी पाठ गेली होती. तेही लिहा."

महिन्याभराने सहा महिन्यांची शिक्षा झाली. निकालालाही त्या दोघी आल्या होत्या. पंधरा दिवसांत तुरुंगात हजर व्हायचं होतं.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. मिस्त्री पायऱ्यांपाशी कागद हातात धरून उभा राहिला. ताई त्याच्या बाजूने गेली, थांबली नाही, मान वळवली नाही. रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर जाऊन बाकाच्या टोकाला बसली. सासूबाई तिच्यामागून हळूहळू गेल्या. ज्यांचा मुलगा गेला होता त्या म्हातारीने बसल्यावर पलीकडून त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि हात केला.

"उन्हात काय उभा राहिलायस?" त्या ओरडून म्हणाल्या. "ये इकडे."

तो रस्ता ओलांडून गेला. ताई सरकली नाही, पण उठूनही गेली नाही. सासूबाई मधे बसल्या. बस यायला खूप वेळ लागला.