गवताच्या गाडीचा पट्टा

जावई म्हणायचं ते आता नावापुरतंच. बायको माहेरी जाऊन बरेच महिने झाले होते. भांडून गेली असती तर समजूत काढायला निदान एखादं कारण तरी हाताशी राहिलं असतं. पण ती भांडली नाही. "तुझ्याशी बोलणं म्हणजे बंद शटरशी बोलणं," एवढंच म्हणाली आणि बॅग भरून निघाली. माणूस तसा वाईट नव्हता. मेकॅनिक होता, हातात कसब होतं, गावभरच्या मोटारी नि पंप त्याच्या जिवावर चालायचे. घरचा नळ मात्र वर्षभर ठिबकत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

अशात एक दिवस सासऱ्यांचा फोन आला.

"जावईबापू, गवताची गाडी अडून बसलीय. इंजिन चालतंय, पण गाडी जागची हलत नाही."

सासरे शाळेत खेळाचे मास्तर होते. निवृत्त झाले तरी मैदानाला लागून असलेलं घर सुटलं नाही आणि मैदानही सुटलं नाही. बसून चालवायची गवत कापणारी गाडी शाळेनं घेतली तेव्हा ती चालवायचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं.

"चाकं फिरवणारा पट्टा तुटला असणार," जावई म्हणाला. "मी आलोच."

फोन ठेवला आणि त्याच्या मनानं उचल खाल्ली. त्या भागात मेकॅनिक काय कमी होते? दोन तर शाळेच्या फाटकासमोरच बसायचे. मग आपल्यालाच का बोलावलं? पट्टा हे निमित्त. तिनंच सांगितलं असणार. आंधळा मागतो एक डोळा, अशी गत झाली त्याची. गाडीखाली पाठीवर आडवं व्हायचं होतं, तरी पठ्ठ्यानं दाढी केली आणि इस्त्रीचा शर्ट घातला.

गाडी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. शेडच्या बरोबर समोर तिच्या खोलीची खिडकी. खिडकी अर्धी उघडी, पडदा ओढलेला. त्याला तेवढं पुरलं. 'ती कशी आहे' हे विचारायला जीभ वळवळत होती, पण विचारलं आणि 'तिला तुम्हाला भेटायचं नाही' असं उत्तर आलं तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं. आणि सासरे? आयुष्यभर मैदानावर गर्जना केलेला माणूस, पण जावयासमोर त्यांच्याही तोंडात मिठाची गुळणी.

त्यानं किल्ली काढून खिशात टाकली, पुढची गवत कापायची पाती सोडवून बाजूला ओढली आणि खाली शिरला. पट्टा खरंच तुटला होता.

"एक काम करा," सासरे म्हणाले. "मला दाखवत दाखवत करा. एकदा बघून ठेवतो."

जावयाला आनंदच झाला. दाखवत करायचं म्हणजे वेळ लागणार, आणि दाखवायचं म्हणजे बोलावं लागणार. तो बोलू लागला. सासरे हातभर अंतरावर उकिडवे बसले होते, तरी हा बोलत होता पलीकडच्या घरालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"बाबा, पट्टा एकाएकी तुटत नाही! रोज थोडा थोडा झिजतो. कुणीतरी वाकून बघायला हवं असतं!"

"हं."

"बघितलं नाही, ही चूक झाली. पट्ट्याचा काही दोष नाही. माझ्यासारख्याला तर कळायला हवं होतं!"

"तुमचा काय संबंध? गाडी माझ्याकडे होती," सासरे म्हणाले.

"तरीपण," तो खिडकीकडे बघत म्हणाला, "यापुढे मी वेळच्या वेळी बघेन."

पडदा जरासा हलला. वारा असेल, पण तो ते मानायला तयार नव्हता. पाना हातातून निसटून त्याच्याच गालावर पडला.

नवा पट्टा चढवायला एरवी त्याला तासही लागत नसे. मागच्या मोठ्या पुलीच्या डोक्यावर पंखा असतो. पट्टा त्या पंख्याच्या एकेका पात्याखालून दाबत, सरकवत पुलीत बसवावा लागतो. तो त्यानं तीनदा बसवला आणि तीनदा काढला. सासऱ्यांना वाटलं, काय मन लावून शिकवतात. मग त्यांनी स्वतः हात घातला, बोटं सोलून घेतली, आणि चौथ्यांदा पट्टा त्यांनीच चढवला.

राहिली पट्टा ताणून धरणारी छोटी पुली. त्यानं ती बोटानं फिरवली, तर आतून खरखर. बेअरिंग संपलं होतं. अशा पुलीवर नवा पट्टा चढवला की महिन्या-दोन महिन्यांत तो खाल्ला जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पिशवीत नवी पुली होती. ती बाहेर काढून त्यानं क्षणभर हातात धरली. आजवर त्यानं कुणाचं काम अर्धवट सोडलं नव्हतं, गिऱ्हाईक कितीही कटकट्या असला तरी. पण हा पट्टा टिकला तर आपल्याला इथं परत कोण बोलावणार? सासरे पाणी आणायला आत गेले होते. त्यानं नवी पुली पिशवीत टाकली आणि जुनीच आवळली.

गाडी चालू झाली. सासऱ्यांनी ऐटीत मैदानाला एक फेरी मारली. जावयानं हात धुतले, सावकाश पुसले, पिशवी दोनदा उघडून बंद केली. आतून कुणी आलं नाही. चहा आला, तो सासऱ्यांनीच आणला.

"काही वाटलं तर फोन करा," तो निघताना म्हणाला. पुन्हा मोठ्यांदा.

मग तो वाट बघू लागला. गिऱ्हाइकं बोलत असली तरी त्याचा कान फोनकडे. घरी त्यानं नळ दुरुस्त केला, तिच्या कपाटाचं बिजागर बसवलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या चालण्यात जरा दम आला होता. वेड्याला आशा लागली की ती दिवसभर पुरते.

आणि फोन आला. सासरेच होते.

"पट्टा पुन्हा गेला हो."

"आलोच बाबा! अर्ध्या तासात."

"नको, नको. पट्टा मी बदललाय. तुम्ही शिकवलंत तसा. पण ती लहान पुली खराब निघाली. तिच्यावरचं माप पुसलंय. तेवढं माप सांगा, मी आणून बसवतो."

त्याचा हात पिशवीतल्या नव्या पुलीकडे गेला.

"ती त्या दिवशीही खराबच असणार," सासरे हळूच म्हणाले. "तुमच्या नजरेतून सुटली म्हणावं तर तसे तुम्ही नाही."

"नाही सुटली," तो म्हणाला. खोटं बोलायचं बळ राहिलं नव्हतं. "मला परत यायचं होतं."



"अहो, ती त्या दिवशी घरात नव्हतीच. त्याच्या आधीच गेली. दुसऱ्या गावी नोकरी धरलीय, खोलीही घेतलीय. तुम्ही खिडकीकडे बघून बोलत होतात ना, ते मला दिसत होतं. सांगायला हवं होतं. पण तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आला होतात... माझी जीभच रेटेना."

"मग बोलावलंत कशाला मला?"

"गाडी बंद होती म्हणून," सासरे म्हणाले. "तुमच्याइतकं चांगलं काम कुणी करत नाही."

त्यानं डोळे मिटले. यापेक्षा त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ती बरी आहे ना?"

"बरी आहे." मग जरा थांबून, जड आवाजात, "खरंच बरी आहे हो. हसते आता."

यावर विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानं पुलीचं माप सांगितलं. सासऱ्यांनी ते पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा सांगितलं, बेअरिंग बंद झाकणाचंच घ्या, असंही सांगितलं. सासरे "बरं" म्हणाले. त्यानंतर त्या घरातून त्याला फोन आला नाही.